पाटीवर असेल तेच खरं

माणूस रिटायर झाला की त्याच्याकडं दोन गोष्टी आपोआप साठत जातात, गोळ्या आणि किस्से. गोळ्यांना निदान एक्सपायरी तरी असते. किश्शांचं तसं नाही, ते सांगेल तितके वाढतात. परवा सुनेनं शेवटी सांगून टाकलं, "बाबा, ते पाट्यांचं एकदा लिहूनच काढा. म्हणजे जेवताना परत परत ऐकावं लागणार नाही." तिच्या आमटीत मीठ कमी आहे असं मी कधी म्हटलं नाही, तरी तिनं असं बोलावं. असो. लिहितो.

मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर माझी उभी नोकरी गेली. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा आणि "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचं. स्वतः अर्ज घेऊन फिरायची पाळी आली ती रिटायर झाल्यावर, आणि तीही झाडांच्या पाट्यांसाठी. वर कुणीतरी बसून हिशेब ठेवतो याबद्दल तेव्हापासून माझ्या मनात शंका राहिली नाही.

आमच्या कॉलनीला एक ओपन स्पेस आहे. लेआउटच्या नकाशात हिरवा रंग मारलेला तुकडा असतो ना, तो. वड, लिंब, बाभूळ, गुलमोहर, शेवगा, शिवाय बरंच काही. समोर अजिंक्यतारा. तिथं आम्ही रोज सकाळी फिरतो. एक मी. दुसरे सुभेदार माने, माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. फौज सोडून जमाना झाला, पण अजून डावा पाय आधी टाकल्याशिवाय चालायला सुरुवात होत नाही. तिसरे जाधव सर, मूळचे कडेगावचे, हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. आणि सरांचा हात धरून त्यांच्या मिसेस, आमच्या सुमनवहिनी.

वहिनींना विसर पडायला लागला होता. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग गल्ली, मग माणसं. पण वाचायचं काही विसरल्या नाहीत. घरापासून ओपन स्पेसपर्यंत जेवढ्या पाट्या दिसतील तेवढ्या मोठ्यानं वाचत यायच्या. "दूध डेअरी. झेरॉक्स मिळेल. गेटसमोर गाडी लावू नये." वाचत असल्या की चेहरा शांत असायचा. ओपन स्पेसमध्ये आत गेलं की वाचायला काही नाही, मग घाबऱ्या व्हायच्या. सरांचा हात घट्ट धरून म्हणायच्या, "पावणं, मला घरला सोडा वो."

पावणं म्हणजे सर. घरात त्या त्यांना जन्मभर मास्तर म्हणत आल्या, पण अलीकडं मास्तर कोण ते आठवेना. सकाळी सर उठले की विचारायच्या, "पावणं, च्या घेणार का?" सर म्हणायचे, "घेतो."

एकदा मी सरांना म्हटलं, "अहो, सांगून बघा ना की मी तुझा नवरा आहे."

"सांगितलं की," सर म्हणाले. "म्हणाली, असं कोण बी म्हणंल."

मग चालता चालता म्हणाले, "भाऊसाहेब, बोललेलं तिला खरं वाटत नाही. लिहिलेलं वाटतं. डब्यावर साखर लिहून चिकटवलं तर साखर म्हणते. इथं झाडांना पाट्या असत्या तर निदान ही सकाळची फेरी तरी तिची राहिली असती."

सुभेदार जागच्या जागी थांबले. "मग लावू की पाट्या. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसानं कधी अर्ज केलेला नसतो.

* * *

पहिल्यांदा गेलो ते आमच्या भागातल्या एका उगवत्या पुढाऱ्याकडं. माणूस तसा उमदा. चहा सांगितला, ऐकून घेतलं आणि लगेच हो म्हणाला. संध्याकाळी मोबाईलवर पाटीचं डिझाईन आलंसुद्धा. मी आणि सुभेदार खूश.

डिझाईन उघडलं तर डाव्या बाजूला ह्यांचा हात जोडलेला फोटो, उजव्या बाजूला ह्यांच्या साहेबांचा, वर साहेबांच्या साहेबांचा. खाली मोठ्या अक्षरात "युवा नेतृत्व". लिंबाचं पान शोधायला मला चष्मा पुसावा लागला. शुभेच्छुकांच्या रांगेत शेवटी बसवलं होतं.

मी सरांना म्हटलं, "जाऊ दे हो. फुकट मिळतंय. पान तर आहे ना."

सर म्हणाले, "भाऊसाहेब, ती वाचेल ते खरं धरते. उद्या लिंबाला युवा नेतृत्व म्हणायला लागली तर मी काय करू?"

सुभेदारांनी परस्पर फोन लावून नकार कळवला. फौजी पद्धतीनं, कारण न देता.

* * *

मग कुणीतरी सांगितलं की एमआयडीसीतल्या एका कंपनीकडं सीएसआरचा निधी असतो, असल्याच कामासाठी. तिथला अर्ज बघितला आणि मला पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर उभे राहणारे लोक आठवले. प्रकल्पाचं उद्दिष्ट. अपेक्षित परिणाम. परिणाम मोजण्याची पद्धत. लाभार्थी संख्या. आता लिंबाची पाटी वाचून माणसावर काय परिणाम होतो आणि तो कशानं मोजायचा?

"वजनकाट्यानं," सुभेदार म्हणाले.

मी मात्र रीतसर लिहिलं. लाभार्थी म्हणून शालेय विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, निसर्गप्रेमी आणि परिसरातील सर्व महिला. "सर्व महिला" लिहिलं की अर्जाला वजन येतं, हा आमच्या खात्याचा अनुभव.

मुलाखतीला बोलावणं आलं. वहिनींना एकटं घरी ठेवता येत नाही म्हणून त्यांनाही घेतलं आणि बाहेर बाकावर बसवलं. सोबत माझी बायको. आत सीएसआरच्या मॅडम होत्या, सांगलीच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. सुभेदारांनी पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढला. मॅडम म्हणाल्या, "कंपनीची पॉलिसी आहे, काही घेता येत नाही." सुभेदारांनी पुडा परत पिशवीत टाकला, पण साताऱ्याचा पेढा सांगलीच्या बाईनं नाकारला ही गोष्ट त्यांनी मनात ठेवली.

मॅडमनी अर्ज चाळला आणि विचारलं, "एवढे सगळे लाभार्थी खरंच आहेत का?"

मी तोंड उघडणार एवढ्यात सर म्हणाले, "नाही. एकच आहे. बाहेर बसलीय."

मी टेबलाखालून सरांचा पाय दाबला. दाबला तो सुभेदारांचा. मॅडमनी काही विचारायच्या आत बाहेर कॉरिडॉरमधून खणखणीत आवाज आला.

"शांतता राखा!"

सगळं ऑफिस चिडीचूप. साहेब लोक केबिनमधून डोकावायला लागले. पुन्हा तोच आवाज, "कृपया शांतता राखा! धूम्रपान करू नये!"

मॅडम उठून बाहेर गेल्या. वहिनी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या आणि एकेक पाटी वाचत होत्या. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या, बोटानं पुढची पाटी दाखवली आणि वहिनींनी तीही वाचली. असं दोघी पार जिन्यापर्यंत जाऊन आल्या. परत आल्यावर मॅडमनी माझ्या अर्जावरची लाभार्थ्यांची ओळ तशीच राहू दिली आणि एवढंच म्हणाल्या, "मी साइट बघायला येते."

* * *

साइट व्हिजिट! सुभेदारांच्या अंगात संचारलं. आम्हाला म्हणाले, "तुमी कायबी करू नका. इन्स्पेक्शनचं माझ्याकडं सोपवा." आम्ही सोपवलं. हीच चूक.

आता सरांनी अर्जासोबत पाट्यांचा जो मजकूर पाठवला होता, त्यात झाडं सालीवरून ओळखायला शिकवलं होतं. बाभळीची साल काळपट, भेगाळलेली. पेरूची गुळगुळीत, पापुद्रे निघणारी. हात लावून पाहा, असं प्रत्येक पाटीवर होतं.

सकाळी ओपन स्पेसमध्ये पोचलो तर एकूण एक झाडाला कमरेएवढा गेरू आणि त्यावर चुन्याचा पांढरा पट्टा. कॅन्टोन्मेंटमध्ये मारतात तसा, दोरी लावून, एका रेषेत. सुभेदारांनी कॉलनीतले दोन-तीन माजी सैनिक गोळा करून आदल्या दिवशी सगळं उरकलं होतं. वड तसाच, पेरू तसाच, बाभूळ तशीच. सर एका झाडाजवळ जाऊन नुसते उभे राहिले. वहिनींनी खोडाला हात लावला, तर पंजा लालभडक.

मॅडम आल्या. हातात सरांचा मजकूर. एकदा कागद बघितला, एकदा झाडं बघितली.

"ही सगळी एकाच जातीची आहेत का?"

"न्हाई मॅडम," सुभेदार ताठ उभे राहून म्हणाले. "जाती येगळ्या. युनिफॉर्म येक."

मॅडम हसल्या त्या थांबेनात. झाडांवरचा गेरू धुवायला आम्हाला पुढं किती बादल्या पाणी वाहावं लागलं ते सोडा, पण निधी मंजूर झाला तो त्या हसण्यातच, असं माझं मत आहे. कागदोपत्री कारण वेगळं आहे.

* * *

मंजुरीबरोबर हेड ऑफिसचा नमुना आला. प्रत्येक पाटी हातभर पत्र्याची आणि प्रत्येकीवर त्याच ओळी. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, मूळ ठिकाण, बहर, उपयोग. सालीचं सगळं गेलं. सर म्हणाले, चालेल. घाई त्यांनाच होती. त्या महिन्यात वहिनी माझ्या बायकोलाही ओळखेनाशा झाल्या होत्या.

भांडण लागलं ते मूळ ठिकाणावरून. गुलमोहराच्या पुढं सरांनी लिहिलं, मादागास्कर. सुभेदारांना ते पटेना.

"येवढी वर्सं साताऱ्यात काढली तरी मूळ ठिकाण तेच लिवायचं व्हय? हे बरं न्हाई, सर."

"ते मूळ आहे, सुभेदार. बदलत नाही."

"मग माझ्या पाटीवर काय लिवाल?"

"दहिवडी," सर म्हणाले. सुभेदार एकदम खूश झाले आणि मादागास्करचा विषय मिटला.

उपयोगाच्या ओळीत हेड ऑफिसला काहीतरी प्रेरणादायी हवं होतं. मी सुचवलं, "पर्यावरण संवर्धनाचा संदेश देतो." चांगलं वजनदार वाक्य. सरांनी गुलमोहरापुढं लिहिलं, "सावली. बाकी नाही." मी म्हटलं, "सर, थोडं वाढवा की." तर म्हणाले, "पाटीवर खोटं लिहायचं नाही. तोंडानं बोललेलं निदान विसरता येतं."

* * *

पाट्या लागल्या. खरं सांगतो, त्या पहिल्या सकाळी मला माझ्या उभ्या नोकरीत वाटला नव्हता एवढा आनंद झाला. वहिनी या झाडापासून त्या झाडापर्यंत वाचत गेल्या. "स्थानिक नाव, बाभूळ." शास्त्रीय नावाशी आल्या की म्हणायच्या, "हे साहेबाचं हाय," आणि पुढची ओळ धरायच्या. सगळी फेरी पुरी केली. घरला सोडा म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत.

कंपनीला आता फोटो हवे होते. झाड आणि पाटी दोन्ही दिसली पाहिजेत, अक्षरं वाचता आली पाहिजेत. त्यासाठी मॅडमनी जो दिवस धरला, त्याच्या आदल्या दिवशी वटपौर्णिमा होती. सांगलीच्या असून त्यांच्या हे लक्षात आलं नाही, कारण त्यांनी कंपनीचं कॅलेंडर बघितलं.

वडाची पाटी आम्ही खोडाला अगदी टेकवून रोवली होती. बायकांनी खोडाबरोबर पाटीलाही गुंडाळलं. एवढं सूत, की पाटी आहे एवढंच कळावं.

मॅडम पर्समधून छोटी कात्री काढायला लागल्या, तशी माझी बायको ओरडली, "हात लावू नका! त्यात कुणाकुणाचे नवरे आहेत!"

मी मुकाट्यानं मागं सरकलो. त्यात माझंही आयुष्य होतं. सुभेदार म्हणाले, "माझं बी हाय." मॅडमनी कात्री आत ठेवली आणि कागदावर लिहिलं, "पाटी अस्तित्वात आहे. सध्या धाग्याखाली."

पण त्या वडाचा खरा किस्सा आदल्या दिवशीचा आहे, आणि तो मी जेवताना सांगत नाही. बायका फेरे घालताना बघून वहिनी पुढं झाल्या. माझ्या बायकोनं त्यांच्या हातात सूत दिलं. फेरे घालताना रीळ कुणीतरी धरायला हवं, म्हणून सर पुढं आले आणि रीळ धरून उभे राहिले. पुरुष माणूस तिथं एकटाच. बायकांनी वाट करून दिली.

एकीनं सहज विचारलं, "काकी, कुणासाठी वो?"

"मास्तरांसाठी," वहिनी म्हणाल्या. "गावाला गेल्यात कडेगावला. अजून आलं न्हाईत." मग सरांकडं वळून म्हणाल्या, "पावणं, जरा ढिलं सोडा की दोरा."

सरांनी दोरा ढिला सोडला. मी लांब उभा होतो. त्या माणसाकडं मला बघवेना. मी उगाच लिंबाची पाटी वाचत बसलो.

* * *

श्रावणात वारं सुटलं आणि शेवगा मोडला. शेवग्याचं लाकूडच तसलं. झाड गेलं आणि पाटी उरली. आम्हाला काही वाटलं नाही, पण कंपनीच्या हिशेबखात्याला वाटलं. मंजूर पाट्या आणि झाडावर लागलेल्या पाट्या जुळेनात. जुळल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला नाही आणि दाखला नाही तर पुढच्या वर्षी देखभालीचा निधी नाही. म्हणजे गंजली की पाटी गेली, आणि वहिनींची फेरीही गेली.

मॅडम बिचाऱ्या शेवटच्या तपासणीला आल्या. येताना सुभेदारांसाठी भडंगाचा पुडा आणला होता. सुभेदार म्हणाले, "आमची बी पॉलिसी हाय," आणि पुडा घेतला.

"शेवग्याच्या जागी दुसरं झाड लावलंय का?" मॅडमनी विचारलं.

"लावू की," मी म्हटलं.

"आणि ती पाटी कुठंय?"

पाटी जागेवर नव्हती. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं, मी सुभेदारांकडं. तेवढ्यात फाटकातून सर आणि वहिनी आले. वहिनी नेहमीसारख्या पुढं, पाट्या वाचत. वड झाला, लिंब झाला, गुलमोहर झाला. "सावली. बाकी न्हाई." शेवग्याच्या जागेशी आल्या आणि वाचायला काही नाही म्हणून थांबल्या. बावरून मागं वळल्या.

मागं सर उभे होते. पाटी सरांच्या गळ्यात, सुतळीनं अडकवलेली. मागची कोरी बाजू पुढं केलेली, त्यावर पांढरा रंग आणि त्यांचं फळ्यावरचं ते वळणदार अक्षर.

वहिनी जवळ गेल्या आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"स्थानिक नाव, मास्तर."

साहेबाच्या नावाची ओळ कोरी होती. ती त्यांनी सोडली.

"कुळ, जाधव. मूळ ठिकाण, कडेगाव. बहर, सुमन घरात आल्यापासून. उपयोग, सोबत. बाकी न्हाई."

मॅडमच्या हातात मोबाईल होता, पण फोटो काढायचं त्यांना सुचलं नाही. वहिनींनी बोट ठेवून पहिली ओळ पुन्हा वाचली. मग पाटीवरून नजर वर नेली, सरांच्या तोंडापर्यंत.

"आवं मास्तर," त्या म्हणाल्या, "कवा आला गावास्नं?"

"आत्ताच," सर म्हणाले. "आत्ताच यष्टीतनं उतरलो."

वहिनींनी पाटी जरा बाजूला सारली, सरांच्या शर्टाची वरखाली लागलेली गुंडी काढली आणि नीट लावली.

"मग हितं का हुबं ऱ्हायलाय? चला घरला. च्या टाकते."